पहिली-दुसरीच्या गुरुजींना वर्गात राहू द्या

ती मुलगी दुसरीत होती. ओळीखाली बोट धरून वाचत होती, "घ ला काना एक मात्रा घो, ड ला काना डा." आणि थांबली. गुरुजींनी विचारलं, "मग काय झालं?" ती म्हणाली, "डा." घो तोवर निसटून गेला होता. गुरुजींनी तिला पुन्हा मागे नेलं. घो, डा. तिसऱ्या वेळी ती जरा भरभर म्हणाली, मान वर केली, ओठ हलले. शब्द आता बाहेर पडणार एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. गुरुजींनी बघितलं, "एक मिनिट हां बाळा" म्हणाले आणि कपाटातून पोषण आहाराची साठा नोंदवही काढायला उठले.

तो मेसेज मी पाठवला होता. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा म्हणून, मी त्या दिवशी शाळाभेटीला गेलो होतो आणि त्याच वर्गात मागे खुर्चीवर बसलो होतो. तालुक्याहून मजकूर आला होता: तात्काळ, शिल्लक तांदळाची माहिती आज दुपारी 12 पर्यंत विहित नमुन्यात सादर करावी, विलंब झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. मी तो धड न वाचता केंद्राच्या ग्रुपवर पुढे पाठवला आणि काही सेकंदांत तो माझ्या डोळ्यांसमोरच्या टेबलावर येऊन पोचला. गुरुजी वीस मिनिटांनी परत आले. "साहेब, तांदूळ भरला," म्हणाले. मुलीने पुस्तक मिटलं होतं आणि ती पाटीवर फूल काढत बसली होती.

32 वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची 11 केंद्रप्रमुख म्हणून. या काळात माझ्या हातून असे किती मेसेज गेले याची मोजदाद नाही. पण प्राथमिक शिक्षणाबद्दल आज जे मला ठामपणे म्हणायचं आहे, ते त्या वीस मिनिटांत कळलं. खेड्यातल्या शाळेत सगळ्यांत महत्त्वाचं काम कोणतं, याबद्दल आपल्याकडे कुणाचंही दुमत नाही. मंत्री, अधिकारी, शिक्षक, पालक, सगळे एकच उत्तर देतात: मुलाला लिहिता-वाचता यावं. मतभेद नसतानाही ते काम रोज मागे पडतं, कारण त्याच्यासाठी दुसरं कोणतंही काम सोडायला आपण तयार नाही.

वाचायला येणं ही गोष्ट बाहेरून दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. मुलाला मुळाक्षरं येतात, बाराखडी पाठ असते, तरी शब्द येत नाही. दुसऱ्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं डोक्यातून गेलेलं असतं. मग एखाद्या दिवशी त्या दोन आवाजांमधलं अंतर इतकं कमी होतं, की मुलाला आपण रोज बोलतो तोच शब्द कागदावर ऐकू येतो. घो आणि डा यांचा घोडा होतो. हे ज्याने एकदा पाहिलंय तो विसरू शकत नाही. मूल दचकतं, हसतं, आणि पुढचा शब्द न सांगता वाचायला घेतं. पण तिथवर न्यायला शेजारी कुणीतरी बसून ऐकावं लागतं. कुठे अडतंय, वेलांटीत की जोडाक्षरात, हे त्याच क्षणी कळावं लागतं. ज्यांचे आई-वडील स्वतः शाळेत गेलेले नाहीत, त्या मुलांसाठी हे करणारं माणूस जगात एकच असतं, त्यांचे गुरुजी किंवा बाई.

आणि याला मुदत आहे. पहिली-दुसरीत हे झालं नाही, तर तिसरीपासून परिसर अभ्यास काय आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं काय, सगळं वाचता येतं असं धरूनच पुढे चालतं. मागे राहिलेलं मूल मग एक युक्ती शिकतं. फळ्यावरची अक्षरं चित्रासारखी उतरवायची. अशा मुलांच्या वह्या मी पाहिल्यात, अक्षर वळणदार, समास आखलेला, तारीख घातलेली. त्यातली एक ओळ वाच म्हटलं की मूल खाली बघतं. पाचवीतलं असं मूल वर्गात त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे सगळं सरकारला माहीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान याला शिक्षणव्यवस्थेचं सर्वोच्च प्राधान्य म्हटलंय, आणि हे साधलं नाही तर बाकीच्या धोरणाला मुलांच्या दृष्टीने अर्थ उरणार नाही, अशा आशयाचं विधानही त्यात आहे. इतकी स्पष्ट कबुली सरकारी कागदात क्वचित सापडते. 5 जुलै 2021 रोजी निपुण भारत अभियान सुरू झालं, 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा हे उद्दिष्ट ठरलं. त्याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. मुलांना वाचता आणि गणित करता येतं का हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, त्यांचं प्रमाण 2022 मध्ये 16.3 टक्के होतं, ते 2024 मध्ये 23.4 टक्के झालं. कोविडमध्ये शाळा बंद राहिल्यानंतर एवढी उभारी आली, ती देशभर एकाच गोष्टीकडे लक्ष वळलं म्हणून, असं माझं मत आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा, की तिसरीतल्या चारांपैकी तीन मुलांना आजही दुसरीचा उतारा वाचता येत नाही.

आता धोरणातून वर्गात या. पहिली ते चौथीची शाळा, पट 45, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात आणि प्राथमिकला स्वतंत्र मुख्याध्यापक 150 मुलांच्या वरच मिळतो. म्हणजे त्या दोघांपैकी एक जण प्रभारी मुख्याध्यापक. कारकून नाही, शिपाई नाही. तोच घंटा देतो, तोच वीजबिल भरतो, तोच शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त लिहितो. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापनाचे ठरवलेत, म्हणजे दिवसाला चार तास. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरीची मिळून 24 मुलं असली आणि त्याने दुसरं काहीही न करता प्रत्येकाला जवळ बसवून वाचून घेतलं, तरी एका मुलाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. एक तास माहिती भरण्यात गेला म्हणजे त्या दिवशी सहा मुलांचं कुणी ऐकलं नाही. दुसरे गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले असतील, तर चारही वर्ग एकाच्या गळ्यात. मग व्हरांड्यात पाढे म्हणायला बसवणं, हाच एक उपाय राहतो.

कामं कोणती, याची यादी देत बसलो तर हा लेख संपणार नाही. रोज किती मुलं जेवली त्याची ॲपवर नोंद. तांदूळ, डाळ, तेलाचा हिशेब, मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ या दराने. यू-डायस प्लस आणि सरल ही शाळेची आणि मुलांची माहिती भरायची पोर्टलं, आधार आणि अपार हे मुलांचे ओळख क्रमांक. गणवेश वाटपाचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो, दिनविशेषांचे फोटो, आणि ते फोटो टाकल्याची लिंक भरली का याची पुन्हा वेगळी लिंक. मतदार यादीसाठी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून घरोघरी फिरणं, जे एका निवडणुकीपुरतं नसून वर्षभर चालतं. एखादी माहिती शाळेला लागूच नसेल तर 'निरंक' असं कळवायचं, आणि निरंक कळवलं नाही म्हणून खुलासा द्यायचा. जानेवारी 2024 च्या शेवटी राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं तेव्हा कित्येक शाळांतले शिक्षक आठवडाभर गावोगाव घरं मोजत होते. त्याआधी 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकाही झाली. प्रौढांना साक्षर करण्याच्या कामाला शिक्षकच नाही म्हणतात, हे बाहेरच्याला विचित्र वाटणारच. पण 50 वर्षांच्या निरक्षरांची यादी करण्यासाठी सात वर्षांच्या मुलाला निरक्षर ठेवून जायचं, हे त्या शिक्षकांना किती लागलं असेल, ते मी जवळून पाहिलंय.

या कामांपैकी एकही काम फालतू नाही, आणि खरी अडचण हीच आहे. पोषण आहार हवाच. सकाळी उपाशी आलेलं मूल अकरा वाजता फळ्याकडे बघू शकत नाही, आणि खिचडी मुलांच्या पुढ्यात जाण्याआधी शिक्षकाने चाखलीच पाहिजे. निवडणूक हवी, जनगणना हवी, मागासलेपणाची मोजणी हवी. प्रत्येक खात्याला आपलं काम महत्त्वाचं वाटतं आणि प्रत्येक खातं खरंच बोलत असतं. त्यामुळे निरुपयोगी कामं बंद करा एवढी मागणी करून काही साधत नाही. तशी कामं थोडीच असतात. प्रश्न असा विचारायला हवा, की हे काम महत्त्वाचं आहे हे मान्य, पण त्या मुलीच्या घोड्यापेक्षा महत्त्वाचं आहे का? हा प्रश्न विचारायची सोय आपल्या व्यवस्थेत कुठेच नाही. तांदळाच्या माहितीला वेळ असते, 12 वाजताची. विलंबाला शिक्षा असते. मुलीने शब्द वाचला नाही, याला ना वेळ ना खुलासा. ज्याला तारीख आणि रकाना आहे ते होतं, आणि ज्याला नाही ते उद्यावर जातं.

मी ज्या भागात नोकरी केली तिथे हा उद्या नसतोच. आमच्याकडची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. 15 जूनच्या आसपास शाळा भरते, दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या घरांत बांधाबांध सुरू होते आणि दिवाळीनंतर गाड्या कारखान्यांकडे निघतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात थांबतात. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून दुसरी-तिसरीतल्या मुली हटकून नेल्या जातात. परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि वार्षिक परीक्षा तोंडावर असते. म्हणजे त्या मुलीचं शाळेचं वर्ष चार-साडेचार महिन्यांचं. आता त्याच महिन्यांत शाळेकडून काय मागितलं जातं ते पाहा. जून-जुलैत प्रवेशाच्या नोंदी, गणवेश, पुस्तकं. मग यू-डायस. 30 सप्टेंबरचा पट, कारण त्यावर संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. मतदार याद्यांचं पुनरीक्षण बहुधा दिवाळीच्या आगेमागे. कागदपत्रांचा हंगाम आणि त्या मुलीच्या शिकण्याचा हंगाम, दोन्ही एकच. डिसेंबरात कागद कमी होतात, गुरुजी मोकळे होतात, आणि तोवर ती उसाच्या फडात असते.

आधारचं उदाहरण जरा जवळून सांगतो, कारण चांगल्या हेतूचं काम वर्गात कसं उतरतं ते त्यात दिसतं. शिक्षकांची पदं आधार वैध असलेल्या मुलांवर ठरणार, असं झालं. हेतू रास्त होता, बोगस पट दाखवणाऱ्या शाळांना चाप बसावा. पण एका शाळेत एका मुलाचं नाव जनरल रजिस्टरला एक, आधारवर दुसरं. आजोबांनी दाखल करताना घरचं हाक मारायचं नाव सांगितलं होतं, आणि कारखान्यावर कुठल्यातरी शिबिरात आधार काढताना बापाचं नाव अर्धंच पडलं होतं. जन्मतारखेतही आठ महिन्यांचा फरक. ते एक नाव जुळलं नाही तर पट एकाने कमी, आणि त्या शाळेत नेमकं त्या एका मुलावर दुसऱ्या शिक्षकाचं पद टिकून होतं. बाई चार वेळा तालुक्याला आधार केंद्रावर गेल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा बाप सोबत हवा म्हणाले, बाप शेकडो किलोमीटरवर कारखान्यावर. शेवटी जुळलं. बाईंचं मी मनापासून कौतुक केलं आणि वरही कळवलं, की शंभर टक्के पूर्ण. त्या मुलाला वाचता येतं का, हे त्या सगळ्या धावपळीत मला कुणी विचारलं नाही. मीही बाईंना विचारलं नाही.

कायद्याने काही केलं नाही असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. त्याच्याही आधी, 2007 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की मतदार याद्यांचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेरच द्यावं. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला. हे सगळं कागदावर आहे आणि त्याचं स्वागतच. पण शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी रेघ मारली की माझ्या मते भांडणाची जागाच चुकते. यू-डायसची माहिती शैक्षणिक की अशैक्षणिक? शिष्यवृत्तीचे अर्ज? पोषण आहार? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एवढंच नव्हे, निपुणची चाचणी तर शंभर टक्के शैक्षणिक. पण तीच घाईघाईने उरकून, मुलांचे स्तर ॲपवर भरून, वाचन करतानाचा फोटो टाकून गुरुजी मोकळे होतात, तेव्हा तेही वाचनाच्या वेळेतूनच कापलेलं असतं. मुलाच्या शेजारी बसलेला वेळ आणि मुलापासून उठून गेलेला वेळ, अशी विभागणी मला जास्त खरी वाटते.

एक आक्षेप मला स्वतःलाच बराच काळ अडवत होता. 1882 साली महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून सारा गोळा करायचा आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करायचा, यावर त्यांचा घणाघात होता. आधी बहुजनांना प्राथमिक शिक्षण द्या, किमान 12 वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी होती. पैसा थोडा असताना आधी काय, याचं इतकं स्वच्छ उत्तर त्या काळात दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. पण त्याच निवेदनात त्यांनी असंही सुचवलंय, की प्राथमिक शिक्षकाला 12 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि त्याला गावचे हिशेब तपासणारा, दस्त नोंदवणारा, टपाल किंवा मुद्रांकाचं काम पाहणारा म्हणून गावगाड्यात जोडून घेतलं तर त्याचा मान वाढेल. म्हणजे शिक्षकाकडे गावाची कामं असावीत हे खुद्द जोतिरावांना मान्य होतं. मग आम्ही तक्रार कशाची करतो?

पुष्कळ विचार करून मला जे समजलं ते असं. फुले शिक्षकाला गावात वजन मिळवून देत होते. ज्याच्याकडे गाव आपणहून येईल, ज्याचा शब्द पाटील-कुलकर्ण्याच्या बरोबरीने चालेल, असा माणूस त्यांना हवा होता, आणि शेतकऱ्यांच्या पोटची मुलं त्या जागी यावीत असा त्यांचा आग्रह होता. आजच्या कामांनी शिक्षकाचं वजन वाढत नाही. तो दारोदार कागद घेऊन फिरतो आणि कुणीही त्याला फोनवर 'तात्काळ' म्हणून उठवू शकतं. गावही हे बघतं. पालक मला म्हणायचे, "गुरुजी चांगलेत हो, पण शाळेत असतात कधी?" आणि पुढच्या जूनमध्ये तेच पालक कर्ज काढून मुलाला पिवळ्या बसच्या शाळेत घालायचे.

दुसरा आक्षेप शिक्षकांना झोंबणारा आहे, पण टाळणार नाही. कामं काढून घेतली तरी सगळे शिकवतील याची खात्री काय? खात्री नाही. अप-डाऊन करणारे, अकराला येऊन साडेचारला गाडी धरणारे शिक्षक मीही पाहिले आहेत, त्यांना नोटिसाही दिल्यात. पण एक अनुभव सांगतो. त्यातल्या कुणालाही मी "वर्गात वाचन का झालं नाही" असं विचारलं, की समोरून तयार उत्तर यायचं, "साहेब, माहिती भरत होतो." आणि ते खोटं पाडता येत नव्हतं, कारण ती माहिती मीच मागितलेली असायची. कामचुकार माणसाला यापेक्षा भक्कम आडोसा कुठला मिळणार? तो काढून घ्या, मग जाब विचारायला तोंड राहील. मनापासून शिकवणाऱ्याचं तर या व्यवस्थेत दुहेरी नुकसान होतं. त्याचा वेळही जातो, आणि कामसू म्हणून प्रत्येक नवं काम त्याच्याकडेच येतं.

मग ही कामं करायची कुणी? माझ्या मते इथे थोडा पैसा टाकावा लागेल आणि तो टाकण्यासारखा आहे. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा असतात. केंद्राला एक माहिती-लेखनिक द्या, जो आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत जाऊन रजिस्टरवरून सगळे पोर्टल भरेल. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. त्याला वेळेवर आणि नीट मानधन देऊन आधार, दाखले ही कामं त्याच्याकडे वळवता येतील. आहाराचा हिशेब बचत गटाकडे द्या, शिक्षकाने चव बघावी आणि सही करावी. एकच माहिती चार पोर्टलवर चार वेळा भरावी लागते, ती एकदाच भरून सगळ्यांनी तिथून घ्यावी. यातलं काहीही अवघड नाही, आणि माझ्या आधी अनेकांनी सुचवलेलं आहे.

पण हे सगळं होईपर्यंत थांबायची गरज नाही, म्हणून एक छोटी मागणी पुढे ठेवतो. सगळ्या शिक्षकांची सुटका एकदम होणार नसेल, तर आधी पहिली-दुसरीच्या शिक्षकांची करा. त्यांना बीएलओ नेमू नका, सर्वेक्षणाला पाठवू नका, शाळेच्या दिवसात तालुक्याला मीटिंगला बोलावू नका, प्रभारी मुख्याध्यापकाचं काम त्यांच्याकडे देऊ नका. ओझं तिसरी-चौथीच्या शिक्षकावर जाईल, हे मला कळतं, आणि ते त्याच्यावर अन्यायाचंच होईल. तरीही मी हे म्हणतोय, कारण दुसरीत वाचायला लागलेलं मूल चौथीत एखादा तास एकटं पुस्तक घेऊन बसू शकतं. ज्याला वाचताच येत नाही ते बसू शकत नाही. आणि सकाळचे परिपाठानंतरचे दोन तास कुठल्याही शाळेच्या ग्रुपवर कुठल्याही अधिकाऱ्याने मेसेज टाकू नये. यासाठी शासन निर्णयाचीही गरज नाही. एखाद्या केंद्रप्रमुखाने उद्यापासून ठरवलं तरी होईल. मला ते तेव्हा सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

वरच्या पातळीवर आणखी एक नियम असावा. शाळेला नवीन काम देणाऱ्या प्रत्येक परिपत्रकात एक ओळ सक्तीची करा: या कामासाठी शाळेचं कोणतं जुनं काम आजपासून बंद करण्यात येत आहे. ती ओळ लिहिता येत नसेल तर परिपत्रक काढू नका. मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत प्रत्येकाला मग निवड करावी लागेल. आज ती निवड वर्गात एकट्या उभ्या असलेल्या शिक्षकावर ढकलली जाते, आणि फोन वाजत असताना त्याने ती कशी करावी अशी आपली अपेक्षा आहे?

महाराष्ट्रात असा विचार पूर्वी झालेला आहे. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वारली मुलांना शिकवत होत्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांच्या नावे गैरहजेरी मांडत बसण्यापेक्षा शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल शिकलं पाहिजे हे एकदा पक्कं झाल्यावर इमारत, वेळ, फळा, सगळं त्याच्याभोवती हलवलं गेलं. आपण आज याच्या उलट करतोय. बाकी सगळं जागच्या जागी ठेवून मुलाला मिळेल त्या फटीत बसवतोय.

ही मागणी पारखायची वेळ जवळ आली आहे. 2011 नंतरची जनगणना आता होते आहे, आणि तिच्यातला प्रत्यक्ष लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी 2027 मध्ये ठरलेला आहे. जनगणना झालीच पाहिजे, आणि कायद्याप्रमाणे शिक्षकांना तिथे पाठवताही येतं. पण फेब्रुवारी हा पहिलीच्या वर्गात शब्दांवरून वाक्यावर जाण्याचा महिना असतो. जून ते जानेवारी जे पेरलं ते तेव्हा वर येतं. तालुक्यात प्रगणकांच्या याद्या केल्या जातात तेव्हा त्यात शिक्षकाचं नाव असतं, शाळा असते, मोबाइल क्रमांक असतो, घराचा पत्ता असतो. अशा कित्येक याद्या मी माझ्या हाताने केल्या आहेत. हा शिक्षक कोणती इयत्ता शिकवतो, हा रकाना त्यांपैकी एकीतही नव्हता. या वेळी तो घाला, आणि जिथे पहिली किंवा दुसरी लिहिलं असेल ते नाव सोडून पुढचं नाव घ्या.